घरात एका वेळी एकच बदल: सुरुवात कशी करावी आणि तो टिकवावा कसा

घरचा दिनक्रम बदलावा असे वाटू लागले की बहुतेक जण प्रथम एक मोठे वेळापत्रक आखतात. उठण्याच्या वेळेपासून दिवे मालवण्यापर्यंत त्यात सगळे नवे असते, ते भिंतीवर चिकटवले जाते आणि आठवडाभरात त्याच्याकडे कोणी पाहीनासे होते. मी असे दोन तक्ते केले होते. दुसरा तर रंगीत होता. येथे सांगितलेली पद्धत याच्या अगदी उलट आहे. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तोही शक्यतो माणसांच्या स्वभावाला हात न लावता, एखाद्या वस्तूच्या जागेत, कामाच्या क्रमात किंवा जबाबदारीच्या वाटणीत करायचा. ज्यांनी यापूर्वी असे काही केलेले नाही त्यांना सोयीचे जावे म्हणून पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. घरात मारहाण होत असेल, कोणी व्यसनात अडकले असेल किंवा कोणाची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर खुंट्या आणि वेळा बदलून भागणार नाही. तेथे जाणकारांची मदत घ्यावी. हा लेख रोजच्या ओढाताणीपुरता आहे.

पहिली पायरी: आठवडाभर केवळ नोंद

पहिले सात दिवस काहीही बदलू नये. एक लहान वही हाताशी येईल अशी ठेवावी आणि घरात आवाज चढला, कोणी खोळंबले किंवा काही सापडेनासे झाले की एका ओळीत तीन गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा आणि वस्तू. माणसाचे नाव लिहू नये. हा नियम क्षुल्लक वाटतो, परंतु ‘नेहमीप्रमाणे यानेच उशीर केला’ असे लिहिले की वहीचे आरोपपत्र होते आणि ते वाचून पुढे करण्यासारखे काहीच उरत नाही. ‘सात चाळीस, दाराशी, डावा बूट’ असे लिहिले तर निदान बुटाचे काय करायचे याचा विचार सुरू होतो.

आमच्या वहीतल्या पहिल्या आठवड्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी सकाळच्या एकाच पाऊण तासातल्या निघाल्या. किल्ली, मोज्यांचा जोड, सही राहिलेली शाळेची सूचना, पाण्याच्या बाटलीचे झाकण, पुन्हा किल्ली. आमचे वाद वक्तशीरपणावरून होतात अशी माझी तोवर पक्की समजूत होती. वही वाचल्यावर लक्षात आले की आम्ही चौघे दोन हात रुंद जागेत एकाच वेळी वाकून बूट घालत होतो, आणि जो आधी तयार होई तोच दाराशी उभा राहून मागच्यांची वाट अडवी व वर त्यांच्यावर ओरडे. बहुतेक वेळा तो मीच असे.

दुसरी पायरी: वहीतून एकच नोंद निवडणे

सात दिवसांनंतर वहीत बारा-पंधरा ओळी जमतात आणि त्या सगळ्याच सोडवाव्यात असा मोह होतो. तो टाळावा. निवडताना सर्वांत त्रासदायक गोष्ट कोणती हे पाहण्यापेक्षा रोज घडणारी गोष्ट कोणती हे पाहावे, कारण सवय पुनरावृत्तीने लागते आणि आठवड्यातून एकदा होणाऱ्या कामाला ती संधीच कमी मिळते. त्यानंतर हे पाहावे की तो बदल घरातल्या घरात, कोणाच्याही परवानगीवाचून आणि फारसा खर्च न करता करता येईल का. कार्यालयाची वेळ किंवा शाळेच्या वाहनाची वेळ आपल्या हातात नसते. त्याआधीची दहा मिनिटे असतात. आणि शेवटी, ज्याला या बदलासाठी काही जास्तीचे करावे लागणार आहे त्याला त्यातून थोडा तरी आराम मिळतो का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. कष्ट एकाचे आणि सोय दुसऱ्याची असेल, तर तो बदल कितीही शहाणपणाचा असला तरी महिन्याच्या आत बारगळतो.

तिसरी पायरी: तक्रारीचे रूपांतर वस्तूत करणे

माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा जीव येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबू. निवडलेली नोंद घ्यावी आणि तिच्यातला माणूस क्षणभर बाजूला ठेवून असे विचारावे: हीच माणसे, याच स्वभावांसह, या घरात राहणार आहेत असे धरले, तर कोणती वस्तू सरकवल्याने हा प्रसंग घडणार नाही?

उदाहरण म्हणून न्हाणीघरापुढची रांग घेऊ. आत गेलेला माणूस बाहेर येत नाही ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात असते, आणि तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे दार ठोठावणे. प्रत्यक्षात आंघोळ लवकर आटोपलेली असते. उरलेला वेळ केस विंचरण्यात, दाढीत आणि चेहरा पाहण्यात जातो, कारण घरातला एकमेव बरा आरसा आत असतो. एक आरसा बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या उजेडात लावला, त्याखाली कंगव्यासाठी एक कप्पा केला आणि आतला दिवा आहे तसाच ठेवला, की माणसे आपोआप बाहेर येतात. कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

रात्रीच्या मोबाइलचेही असेच आहे. ‘झोपताना फोन पाहू नका’ हा उपदेश सगळ्यांना पाठ असतो. त्याऐवजी चार्जर झोपण्याच्या खोलीतून काढून बैठकीच्या खोलीत एका ठरलेल्या जागी बसवावा, म्हणजे फोन रात्री तेथेच राहतो. मात्र त्याबरोबर उशाशी एक साधे गजराचे घड्याळ ठेवायला विसरू नये. नाही तर ‘गजर फोनमध्ये आहे’ या एका वाक्याने सगळा बदल परत फिरतो. वस्तू हलवताना तिच्यामुळे होणारी इतर कामे कोणती, हे आधी पाहावे. फोन हा गजरही असतो, विजेरीही असते आणि रात्री-अपरात्री आजारी नातेवाइकाचा निरोप मिळण्याचे साधनही असते. त्या शेवटच्या कारणासाठी घरातल्या एका फोनचा आवाज चालू ठेवून दार उघडे ठेवले की पुरते.

वस्तूने सुटणार नाही असे काही असेल तर क्रम बदलून पाहावा. दप्तर सकाळी भरण्याऐवजी रात्रीच्या जेवणाआधी भरणे हा क्रमाचा बदल आहे. जेवणानंतर नको, तेव्हा सगळेच पेंगुळलेले असतात.

चौथी पायरी: बदल एका वाक्यात बांधणे

आता तो बदल एका ‘जर-तर’ वाक्यात लिहावा. ‘यापुढे किल्ली जागेवर ठेवू’ हे वाक्य चालत नाही, कारण त्यात केव्हा हे नाही. ‘दारातून आत आलो आणि पादत्राणे काढली, की किल्ली खुंटीवर अडकवायची’ हे चालते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा योजनांचा अभ्यास केला असून १९९९ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला होता. पुढे २००६ मध्ये त्याने पास्कल शीरन यांच्यासह ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसता निश्चय करण्यापेक्षा प्रसंग आणि कृती यांची अशी सांगड घालणाऱ्यांना ठरवलेले काम पार पाडणे बरेच अधिक जमते, असे दिसून आले. घरासाठी त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच की नवी कृती घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या जुन्या कृतीला बांधावी. रात्रीचे आठ अनेकदा नकळत निघून जातात. पादत्राणे काढल्याशिवाय मात्र कोणी आत येत नाही.

पाचवी पायरी: घरातल्यांशी बोलणे आणि काम संपूर्ण सोपवणे

बोलण्याची वेळ निवडणे हे अर्धे काम आहे. ज्या प्रसंगावर उपाय काढायचा, त्या प्रसंगात तो कधीही मांडू नये. सकाळच्या गोंधळाविषयी सुट्टीच्या दुपारी बोलावे आणि सुरुवात वहीपासून करावी. वडीलधाऱ्यांपुढे तर ‘असे करूया’ म्हणण्याआधी विचारलेले बरे. आमच्याकडे खुंट्यांची जागा ठरवताना मी आईला म्हटले, “आई, सकाळी तुला सगळ्यात जास्त कशाची अडचण होते?” ती म्हणाली, “तुमच्या बुटांची. मला आधाराला भिंत लागते, आणि भिंतीपाशी तुमचे बूट.” ही अडचण आठवडाभराच्या वहीत कोठेच नव्हती, कारण आई कधी ओरडत नाही आणि आमची वही आवाज चढल्यावरच उघडली जात होती. त्यामुळे नोंदींच्या जोडीला घरातल्या शांत माणसाला एकदा मुद्दाम विचारावे, ही सूचना मी तेव्हापासून सगळ्यांना करतो.

मुलांच्या बाबतीत दोन पर्याय पुढे ठेवावेत आणि दोन्ही आपल्याला मान्य असतील असेच ठेवावेत. ‘दप्तर रात्री भरशील का?’ याला ‘नाही’ हे सरळ उत्तर आहे. ‘दप्तर खेळून आल्यावर भरणार की जेवायच्या आधी?’ याला ते तितके सोपे नाही.

यानंतरचा मुद्दा नाजूक आहे. बहुतेक घरांत नवा बदल आला की त्याची आठवण करून देण्याचे काम मुकाट्याने एकाच व्यक्तीकडे, बहुधा बाईकडे, जाते. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि काम झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय दोघे मिळून घेतात, परंतु पहिला आणि शेवटचा टप्पा प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येतो, असे त्यांना आढळले. म्हणून काम सोपवायचे तर ते चारही टप्प्यांसह सोपवावे. पाण्याच्या बाटल्यांचे काम बाबांकडे गेले, याचा अर्थ कोणी सांगितल्यावर त्यांनी बाटल्या भरणे असा नव्हे. झाकणातली रबराची चकती सैल झाली आहे, म्हणून दप्तरातली वही भिजते आहे, म्हणून नवी चकती आणायला हवी, हे ध्यानात येणेही त्याच कामात मोडते. आधीच्या माणसाने त्या काळात तोंडातून ब्र काढू नये, हे त्याहून कठीण असते. पहिल्या आठवड्यात एखादी वही भिजेल, भिजू द्यावी.

वाटणीची चर्चा ‘मी किती करतो’ येथून सुरू करू नये. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये पती-पत्नींना घरातील कामांतला आपापला वाटा स्वतंत्रपणे विचारला होता, आणि बहुतेक कामांच्या बाबतीत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. दोघेही खोटे बोलत नव्हते. स्वतः केलेले काम अधिक सहज आठवते, इतकेच. तेव्हा टक्केवारी सोडून कामांची नावे कागदावर लिहावीत.

सहावी पायरी: आरंभाचा दिवस

दिवस कोणता निवडावा याला थोडे महत्त्व आहे. हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला व्यायामशाळेत जाणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि आहारनियंत्रणाविषयी इंटरनेटवर शोध घेणेही वाढते. काळात एक रेघ ओढली गेली की आधीच्या चुका रेघेपलीकडे राहिल्या असे माणसाला वाटते. ही भावना फुकट मिळते, तर ती वापरावी. सोमवार, महिन्याची एक तारीख, शाळेचा पहिला दिवस, घरातल्या कोणाच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस, यांपैकी जो जवळ असेल तो घ्यावा. मात्र अशा दिवसाची वाट पाहत दोन महिने काढू नयेत, आणि ज्या आठवड्यात परीक्षा, प्रवास किंवा पाहुणे आहेत तो आठवडा सरळ सोडून द्यावा.

सातवी पायरी: टिकवणे, आणि चुकलेला दिवस

२१ दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लिखाणात सापडते. रुग्णांना आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला कमीत कमी सुमारे २१ दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. सांगोवांगी त्यातले ‘कमीत कमी’ गळून पडले. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे ९६ जणांना ८४ दिवस एक साधी कृती रोज ठरलेल्या प्रसंगी करायला सांगितली; २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासानुसार कृती अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, आणि व्यक्तिपरत्वे अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. पाणी पिण्यासारख्या सोप्या कृती व्यायामापेक्षा लवकर रुळल्या. मला त्यातला सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष वेगळा वाटतो: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही.

म्हणून घरात दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ गृहीत धरावा आणि चुकलेल्या दिवसाची चर्चा करू नये. खुंटी रिकामी दिसली तर दुसऱ्या दिवशी स्वतःची किल्ली अडकवावी आणि गप्प राहावे. भिंतीवर खुणांचा तक्ता लावू नये असे माझे मत आहे. तक्त्यावरचा पहिला रिकामा चौकोन दिसला की लहान मुले आणि मोठी माणसे दोघेही सगळा तक्ताच सोडून देतात.

झोपेचा बदल सर्वांत सावकाश करावा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. घरातला हिशेब याच्या जवळपास जात नसेल, तर एकदम तासभर आधी झोपायला न लावता दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे मागे यावे, आणि मोठ्यांनीही त्या पंधरा मिनिटांत दिवे मंद करावेत; बैठकीत टीव्ही चालू असताना आतल्या खोलीत कोणाला झोप लागत नाही. ज्या मोठ्यांच्या डोक्यात अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामे फिरू लागतात, त्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे ती कामे लिहून काढावीत. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, पुढची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितका फरक अधिक होता. ‘शाळेचे बघणे’ असे न लिहिता ‘सूचनेवर सही, निळी पिशवी’ असे लिहावे.

आठवी पायरी: दुरुस्तीशिवाय काही जोडणे

वही पाहून केलेले सगळे बदल अडचणी दूर करणारे असतात, आणि तेवढेच करत राहिले तर घराची कार्यशाळा होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बदलाच्या वेळी एखादी गोष्ट निव्वळ आवडते म्हणून आणावी: रात्री दिवा मालवल्यावर अंधारात पाच मिनिटे गप्पा, सुट्टीच्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक फेरी, आजीने रोज सांगायची एक जुनी आठवण. बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पन्नास वर्षांतील ३२ अभ्यासांचा आढावा घेताना नित्यक्रम आणि कुटुंबाची स्वतःची रीत यांत फरक केला होता: नित्यक्रमात काम उरकले की विषय संपतो, रीत मात्र माणसांच्या मनात रेंगाळते आणि पुढच्या पिढीकडेही जाते. अशी रीत ठरवून रुजेलच असे नाही. तीन-चार प्रयत्नांतून एक रुजते, आणि बहुधा मुलांनी ‘आज का नाही?’ असे विचारले, तेव्हा ती रुजल्याचे कळते.

नववी पायरी: न जमलेल्या बदलाचे काय करावे

दोन आठवड्यांनी वही पुन्हा उघडून तीच नोंद अजून येते का, ते पाहावे. येत असेल, तर कृती फार मोठी आहे का, जागा चुकली आहे का, की घरातल्या एकाला तो बदल मुळातच नको होता, यांपैकी काय झाले ते तपासावे. कृती मोठी असेल तर निम्मी करावी. कोणाला नकोच असेल, तर तो बदल उघडपणे मागे घ्यावा. ‘हे आपल्याला जमले नाही, सोडून देऊ’ असे मोठ्या माणसाने म्हटलेले मुलांनी ऐकले, की पुढच्या प्रयोगाला ती अधिक मोकळेपणाने तयार होतात.

जागा मात्र बऱ्याचदा चुकलेली असते. आमच्या खुंट्या मी प्रथम माझ्या खांद्याच्या उंचीवर ठोकल्या होत्या. मोठ्यांच्या किल्ल्या तेथे लागत, धाकटीचे दप्तर मात्र रोज खाली, नेमके आईच्या वाटेत पडलेले असे, आणि मी रोज ते उचलून वर अडकवत असे. तिसऱ्या आठवड्यात तिला भिंतीला पाठ लावून उभे केले, हात वर करायला सांगितला, आणि तिची बोटे जेथे टेकली त्याच्या वीतभर खाली पेन्सिलीने खूण करून दुसरी ओळ ठोकली. वरची भोके अजून बुजवायची आहेत.